दोमिंगाआईचं स्पॅनिश

दोमिंगा सुल्काला स्पॅनिशमधली एकवीस वाक्यं येत होती आणि ती एकवीसच्या एकवीस वर्गातली होती. "गप्प बसा." "वह्या उघडा." "सगळ्यांनी म्हणा." "आज कोण गैरहजर?" "मी बाहेर जाऊ का?" बाजारात मीठ घ्यायला उपयोगी पडेल असं एकही वाक्य तिच्याजवळ नव्हतं. त्यामुळे रविवारी ट्रकवर माल घेऊन व्यापारी आला की दोमिंगाआई ताठ मानेनं त्याला विचारायची, "मीठ हजर?" आणि तो जिल्ह्याचा माणूस पोट धरून हसत म्हणायचा, "हजर आहे, बाई. साखर मात्र आजारी आहे."

एकवीस हा आकडा मी मोजून सांगतेय. गावात कोण कसं बोलतं ते मला हुबेहूब करून दाखवता येतं, आणि त्यापायी आईचे धपाटेही खाल्लेत. दोमिंगाआईचे समोरचे दोन दात नव्हते. त्यामुळे 'स' म्हणताना बारीक शीळ वाजायची. लग्नाकार्यात लोक मुद्दाम मला मध्ये उभं करायचे, "कर गं पोरी, दोमिंगाची शाळा कर." मी करायची. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसायची. ती तक्रारही एवढीच करायची, "उच्चार नीट कर, मास्तर असं नाही म्हणत."

पुढे याच एकवीस वाक्यांवर तिच्या मुलाची सुटका येऊन ठेपली, म्हणून सुरुवात तिथूनच करतेय.

ती वरच्या कुरणातली. तिथे झाड उगवत नाही. घरं चार आणि अल्पाका, आमची लोकरीची जनावरं, चारशे. नऊ वर्षांची असताना बापानं तिला खाली आमच्या गावच्या शाळेत आणून घातली. तीन महिने झाले, बाप खोकून खोकून अंथरुणाला खिळला आणि पोर परत अल्पाकांमागे गेली. पण ते तीन महिने ती आयुष्यभर पुरवून वापरत होती. कुणी नावानं हाक मारली की 'ओ' द्यायच्या ऐवजी "प्रेसेन्ते" म्हणायची. म्हणजे हजर. सतराव्या वर्षी लग्न झालं. नवरा खालच्या जंगलात नदीतलं सोनं चाळायला गेला तो गेलाच. निरोप नाही, प्रेत नाही. मागे एक मुलगा राहिला, विल्बेर. तो चार वर्षांचा असताना पालकांच्या सभेनं ठरवलं की शाळेतल्या मुलांची सकाळची न्याहारी दोमिंगानं शिजवायची. ओटची पेज, शुक्रवारी किनवा या डोंगरी धान्याची.

शाळेचं स्वयंपाकघर वर्गाला चिकटून आहे. मध्ये मातीच्या विटांची भिंत. डोक्याच्या उंचीवर त्यातली एक वीट काढून टाकलेली होती, मास्तरांना वर्गातूनच "झालं का?" म्हणून विचारता यावं यासाठी. त्या भोकातून दोमिंगाआई बावीस वर्षं शाळा शिकली. माझी जागा बरोबर भोकाखाली होती. मास्तर म्हणायचे, "सगळ्यांनी म्हणा", वर्गातून तीस आवाज यायचे आणि माझ्या डोक्यावरून, वाफेबरोबर, एकतिसावा.

आब्दोन मास्तर प्रांताच्या गावचे. सोमवारी ट्रकनं वर यायचे, शुक्रवारी खाली जायचे. आमची क्वेचुआ त्यांना येत होती, त्यांच्या आजीची भाषाच ती. पण शाळेच्या दारात आले की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. वर्गाच्या भिंतीवर त्यांनी पिवळ्या पुठ्ठ्यांवर वाक्यं लिहून लावली होती, नवशिक्या मुलांना रोज लागतील अशी. आणि शिकवायची त्यांची एक तऱ्हा होती. वाक्य म्हणत यायचं आणि शेवटचा तुकडा हवेत लटकत ठेवायचा. तो आम्ही झेलायचा.

"सूर्य हा एक ता...?"

"रा!"

"जेवणाआधी हात धु...?"

"वायचे!"

"समजलं?"

"सी, प्रोफेसोर!"

म्हणजे होय, मास्तर. मास्तर नुसता प्रश्न विचारू देत, त्याची शेपटी पकडून परत द्यायची आणि वर "सी, प्रोफेसोर" ठेवून द्यायचं. पहिलीतल्या पोरालासुद्धा दोन आठवड्यांत ही युक्ती साधायची. मग कुणी रागावत नाही, घंटा वाजते, पेज मिळते. सूर्य म्हणजे काय ते घरी गेल्यावर कधीतरी कळायचं, नाहीतर नाही कळायचं.

सगळ्यांत खाली, कपाटाशेजारी, एक पुठ्ठा होता: "नो एंतिएन्दो." मला समजलं नाही. हे वाक्य वाचून घ्यायचे मास्तर, पण वापरलेलं कुणी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे वडीलधाऱ्याच्या तोंडावर 'मला समजलं नाही' म्हणायचं म्हणजे 'तुम्हाला नीट बोलता येत नाही' असंच म्हणणं झालं. मोठा माणूस बोलतो तेव्हा हो म्हणायचं. घरी जायचं. मग तिघं मिळून बसायचं आणि तो काय म्हणाला असेल ते लावायचं. शेजारी म्हणाला, "उद्या माझ्या बटाट्याच्या खणणीला येतोस ना?" आणि आपल्याला जमणार नसलं तरी हो म्हणायचं. आपण कसं हो म्हटलं त्यावरून त्याला कळतं. आमचा हो म्हणजे 'ऐकलं, बोला पुढे', एवढाच असतो. आमच्यात कुणी त्यानं फसत नाही.

मी दुसरीत असताना एदिल्बेर्तो नावाच्या पोरानं ते खालचं वाक्य एकदा वापरलं. उभा राहून, हात जोडून, "नो एंतिएन्दो, प्रोफेसोर." मास्तर म्हणाले, "कान घरी ठेवून आलास?" आणि तो जेवणापर्यंत उन्हात उभा. पेज वाढताना दोमिंगाआईनं त्याला वर आणखी सुनावलं, "मास्तरांना असं बोलतात? त्यांना किती वाईट वाटलं असेल."

आता विल्बेरचं. सव्वीस वर्षांचा, सहावी पास, अबोल. अबोल माणसाची नक्कल करता येत नाही म्हणून माझं त्याच्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. आईला लाकडं फोडून द्यायचा, पाणी आणून द्यायचा. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये खाणीचे ट्रक अडवायला गावानं रस्त्यावर धोंडे टाकले. धुळीनं कुरण मेलं होतं, अल्पाका गाभडत होत्या. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला दगडफेक झाली आणि एका पोलिसाचा डोळा गेला. तोही कुणाचा तरी मुलगा, तेवीस वर्षांचा. पण दगड कुणाचा ते कुणी पाहिलं नव्हतं. लाल जॅकेटवाला होता, एवढंच पोलिसांना आठवत होतं.

विल्बेरचं जॅकेट लाल होतं. दुपारी बाराला तो खांद्यावर कुऱ्हाड घेऊन शाळेकडून घरी चालला होता, तिथेच त्याला उचलला.

दहा वाजता तो शाळेच्या स्वयंपाकघरामागच्या अंगणात निलगिरीचं खोड फोडत होता. बंदमुळे मास्तर वर आलेच नव्हते, शाळेला कुलूप होतं. रिकामा वेळ सापडला म्हणून दोमिंगाआई स्वयंपाकघरात मोठं पातेलं राखेनं घासत बसली होती आणि मुलाला म्हणाली होती, महिन्याभराची लाकडं फोडून ठेव. तेव्हा साक्षीदार एकच, आई. सरकारी वकिलाच्या कचेरीतून तिला बोलावणं आलं.

माझा बाप तिला म्हणाला, "तिथे दुभाष्या मागता येतो म्हणे. माग."

"दुभाष्या कशाला? मला येतं की."

"तुला येतं ते शाळेतलं."

"मग डॉक्टर काय शाळेत गेले नसतील?" कचेरीत खुर्चीवर बसलेल्या कुठल्याही माणसाला आमच्याकडे डॉक्टर म्हणतात. "आणि दुभाष्या माग म्हणजे काय, त्यांच्या तोंडावर सांगू, तुमचं बोलणं मला कळत नाही म्हणून? मुलगा त्यांच्या हातात आहे माझा."

बापानं हात टेकले. मग मी तिला एक वाक्य शिकवलं; रविवारच्या व्यापाऱ्याच्या नकला करता करता मला स्पॅनिश आलं होतं. बाविसावं. 'माझा मुलगा सकाळी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात होता.' तीन दिवस ती ते पेज ढवळताना, वाटेनं चालताना, शेण गोळा करताना म्हणत होती. शेवटी इतकं बसलं की शिळेसकट 'स' आला.

ट्रकनं चार तास. मी बरोबर गेले, कारण तिला प्रांताच्या गावात रस्ता ओलांडायची भीती वाटायची. कचेरीच्या दारावरचा शिपाई मला म्हणाला, "तू किती वर्षांची?"

"चौदा."

"मग इथेच."

दार लाकडी, पावसानं फुगलेलं, पूर्ण लागत नव्हतं. मी बाकावर बसले आणि मला सगळं ऐकू आलं. शब्दन् शब्द. आतला माणूस तरुण होता, नाकातून बोलत होता, सर्दी झाल्यासारखा, आणि मध्ये मध्ये टाइप करायचा.

"दोमिंगा सुल्का?"

"हजर, डॉक्टर."

तो हसला. "वा, मामिता. शाळा शिकलीस की." शहरातले लोक आमच्या बायकांना मामिता म्हणतात, आई म्हटल्यासारखं. त्यात आई कुठे नसते. "मग दुभाष्याची गरज नाही, बरोबर?"

"बरोबर. सी, डॉक्टर."

टकटक टकटक.

"मंगळवारी सकाळी तुझा मुलगा विल्बेर रस्त्यावर होता?"

"रस्त्यावर होता. सी, डॉक्टर."

"गावातल्या इतरांबरोबर?"

"इतरांबरोबर."

"त्यांनी दगड मारले?"

"दगड मारले. सी, डॉक्टर."

टकटक थांबली. त्याचा आवाज जरा हळू झाला, "तुझ्या मुलानंसुद्धा?"

'मुलगा' हा शब्द तिला ओळखीचा होता, आम्ही तीन दिवस घोकला होता. तिचा आवाज एकदम खुलला. "माझ्या मुलानंसुद्धा, सी, डॉक्टर."

मी उठून दार ठोठावलं. शिपाई म्हणाला, "ए पोरी, बस खाली."

"त्यांना कळत नाहीये ते काय विचारतायत."

"न कळायला काय झालं? फडाफडा तर बोलतेय आत."

मी दाराच्या फटीतून आमच्या भाषेत ओरडले, "दोमिंगाआई, हो म्हणू नको गं." शिपायानं माझं कोपर धरलं. "साक्षीदाराला पढवतेस? आणखी एक शब्द काढलास तर तुझ्या बापाला बोलावून घेईन, कळलं?"

मी बसले. मीही "सी, सेन्योर" म्हणाले.

आत तो म्हणाला, "बाहेर काय गोंधळ आहे? असो. मामिता, आणखी काही सांगायचंय?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उत्तर द्यायला ती उभी राहिली होती. आणि तिनं ते बाविसावं वाक्य म्हटलं, एकही चूक न करता, वर्गात म्हणतात तसं सुरात: "माझा मुलगा सकाळी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात होता."

"स्वयंपाकघरात? म्हणजे नंतर?"

"नंतर."

"म्हणजे दगड मारून तुझ्याकडे येऊन लपला."

"येऊन लपला. सी, डॉक्टर."

"छान, मामिता. फार छान. इथे अंगठा."

ती बाहेर आली तेव्हा अंगठा निळा होता आणि चेहरा सोमवारच्या मास्तरांसारखा धुतलेला. "झालं," म्हणाली. "एकदासुद्धा अडले नाही. माणूस चांगला आहे गं, रागावला नाही. दोनदा 'छान' म्हणाला. आपलं वाक्यपण घेतलं लिहून."

चौकात परतीचा ट्रक भरत होता. आम्ही बटाट्याच्या पोत्यांवर बसलो, तिनं फडक्यातला भाजलेला मका काढला, मूठभर माझ्या हातावर ठेवला. मग मी सांगितलं.

"छे, मी असं कशाला म्हणेन?"

"म्हणालीस."

"तू बाहेर होतीस, तुला काय ऐकू येणार."

तिला पटेना. म्हणून मला जे येतं ते मी केलं. आधी त्याचं एक वाक्य, नाकातून, जसंच्या तसं स्पॅनिशमध्ये. मग तिचं, शिळेसकट. मग दोन्ही आमच्या भाषेत. पहिल्या दोन वाक्यांना ती हसली, कारण त्याचं नाक मला झकास जमलं होतं. शेजारचा बटाटेवालापण हसला. "रस्त्यावर होता" आमच्या भाषेत आलं तशी ती हसायची थांबली. "दगड मारले" आलं तेव्हा तिनं तोंडातला मका गिळलाच नाही.

मी शेवटपर्यंत गेले.

"ते लपण्याचं परत कर," ती म्हणाली.

मी परत केलं.

तिनं मका फडक्यात बांधला, पोत्यांवरून खाली उतरली आणि कचेरीकडे चालू लागली, गाड्या येताहेत की नाही तेही न बघता. कचेरी जेवायला बंद झाली होती. शिपायानं दाराला पाठ टेकून सांगितलं की जबाब झाला, आता काय ते वकिलामार्फत. तिनं त्याला क्वेचुआत सगळं सांगितलं, पातेल्यापासून कुऱ्हाडीपर्यंत. तोही आमच्याच खोऱ्यातला असावा, कारण ऐकताना मान खाली घालत गेला. शेवटी स्पॅनिशमध्ये म्हणाला, "मला काय सांगून उपयोग, आई." तो मात्र खरंच 'आई' म्हणाला.

खटला सात महिन्यांनी उभा राहिला. सरकारनं दिलेली वकीलबाई होती, हातात फायलींचा गठ्ठा, केस विंचरायला वेळ नाही. तिनं कागद वाचला आणि कपाळ चोळलं. "हा कागद म्हणजे फास आहे. एकच मार्ग आहे. यांना त्या दिवशी काही कळत नव्हतं, या नुसतं प्रश्नाचं शेपूट परत देत होत्या, हे कुणीतरी सांगायला हवं. कुणीतरी म्हणजे, ज्याचं कोर्ट ऐकेल असं."

असा आमच्याकडे एकच माणूस होता.

आब्दोन मास्तर स्वयंपाकघरात पेज पीत उभे होते. दोमिंगाआई पदर सावरावा तशी शाल सावरून त्यांच्यासमोर उभी राहिली. ती क्वेचुआत बोलत होती, ते स्पॅनिशमध्ये उत्तर देत होते आणि मी दोघांच्या मध्ये भांडी विसळत होते.

"मास्तर, तुम्ही एवढंच सांगायचं. तुमच्या वर्गात पोरं जसं उत्तर देतात, तसंच मी दिलं."

"दोमिंगा, तू माझी विद्यार्थिनी नाहीस."

"बावीस वर्षं भिंतीपलीकडे आहे, मास्तर."

त्यांनी कप खाली ठेवला. "पोरं जसं उत्तर देतात म्हणजे कसं?"

ती घुटमळली. मास्तरांच्या तोंडावर कसं सांगणार? मी पाण्यात हात घालून म्हणाले, "न कळता, मास्तर."

ते माझ्याकडे बघतच राहिले. पाचवीपर्यंत मला शाबासकी देत आले होते ते. "येईन मी कोर्टात," एवढंच म्हणाले.

आले. कोट घालून, टाय लावून. आधी दोमिंगाआईची साक्ष झाली, या वेळी दुभाष्याबरोबर. ती बारा मिनिटं बोलली आणि कुणी तिला मध्ये तोडलं नाही. खोडाचा कुठला भाग ओला होता, कुऱ्हाडीचा दांडा कधी सैल झाला, दगडफेकीचा आवाज आला तेव्हा विल्बेर काय म्हणाला, सगळं. सरकारी इमारतीत तिचं अख्खं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग न्यायाधीशांनी कागद वर धरला. "इथे तर उलटं लिहिलंय. आणि दुभाष्या नको असं तुम्हीच सांगितलंत."

दोमिंगाआई म्हणाली, "शाळेत असंच उत्तर देतात."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं.

मास्तरांना बोलावलं. पहिल्या रांगेत शिक्षण खात्याचे दोन साहेब बसले होते. कशाला आले होते कोण जाणे, कदाचित आमच्या मास्तरांसाठीच. वकीलबाईनं विचारलं, "प्रोफेसोर, तुमच्या वर्गात मुलं न समजताही होय म्हणतात, हे खरं आहे का?"

मास्तरांनी टायची गाठ चाचपली. विल्बेरकडे बघितलं. सहा वर्षं त्यांनीच त्याला शिकवलं होतं. मग पहिल्या रांगेकडे बघितलं.

"माझ्या वर्गात, बाई, 'मला समजलं नाही' असं वाक्य मी स्वतः लिहून भिंतीवर लावलेलं आहे. ज्याला समजत नाही त्यानं ते म्हणायचं. बावीस वर्षांत ते एकदाच कुणी म्हणालं."

"म्हणजे?"

"म्हणजे समजतं सगळ्यांना."

"आणि या बाईंना?"

"दोमिंगाला?" मास्तर थोडे हसले, मायेनं. "तिचं स्पॅनिश माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं आहे."

दुभाष्यानं हळू आवाजात ते वाक्य तिला सांगितलं. आणि दोमिंगाआईनं मास्तरांकडे बघून मान झुकवली. मी पाहिलं ते. अंगवळणी पडलेलं, मान आपोआप झुकली. मग ते वाक्य तिच्या आत पोचलं.

सरकारी वकील उठला. दोन जबाब, दोन्ही एकाच बाईचे, तेव्हा एक खोटा. खोट्या साक्षीचा गुन्हा या बाईवर नोंदवावा, अशी त्याची मागणी. दुभाष्यानं तेही सांगितलं.

"लिहा, पहिलाच खोटा," दोमिंगाआई म्हणाली. "मला ठेवा आणि त्याला सोडा."

न्यायाधीश दुभाष्याला म्हणाले, "त्यांना सांगा, इथे अशी अदलाबदल नसते."

तेव्हा विल्बेर उभा राहिला. वकीलबाईनं त्याची बाही ओढली, त्यानं ती सोडवून घेतली. त्याला स्पॅनिश येत होतं, खरोखर येत होतं. खाणीच्या कंत्राटदाराकडे तीन वर्षं फावडं मारताना शिकला होता, शाळेत नाही. तो स्पॅनिशमध्येच बोलला. "मी रस्त्यावर होतो. दगड मी मारला. आईनं पहिल्यांदा सांगितलं तेच खरं. आज ती माझ्यासाठी बोलली. तिला काही करू नका."

दुभाष्या तोंड उघडणार एवढ्यात न्यायाधीशांनी हात वर केला. आरोपीला भाषा येते, गरज नाही. दोमिंगाआई मागे वळली आणि तिनं मला बाकांमध्ये शोधून काढलं.

"काय म्हणाला?"

मी सांगितलं. त्याच्या आवाजात नाही, नुसतं सांगितलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं काही वर बघितलं नाही.

"अडखळला का कुठे?"

"नाही."

विल्बेरला पाच वर्षांची शिक्षा झाली. दंड वेगळा. तिच्यावर गुन्हा काही नोंदवला नाही. मास्तर बाहेर पायऱ्यांवर उभे होते. तिच्याशी काही बोलायला पुढे झाले, स्पॅनिशमध्ये तोंड उघडलं, मिटलं आणि मग त्यांनी क्वेचुआत हाक मारली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. ती थांबली नाही. पेज मात्र ती अजून करते. मुलांचा काय दोष? ते विटेचं भोक तिनं चिखलानं लिंपून टाकलंय.

विल्बेरला किनाऱ्याकडच्या तुरुंगात ठेवलंय, अकरा तासांवर. बायकांना शनिवारी भेटायला सोडतात, नऊ ते तीन. शुक्रवारी पातेली घासून झाली की ती निघते. मी दोनदा तिच्याबरोबर गेलेय. फाटकावर पोलीस विचारतो, कुणाला भेटायचं? नाव काय? नातं काय? रांगेतल्या बाकीच्या बायका चटचट उत्तरं देऊन आत जातात. तिला ते प्रश्न कळतात, तेवढं स्पॅनिश कुणालाही येईल. पण ती स्पॅनिशमध्ये उत्तर देत नाही. ती क्वेचुआत पूर्ण वाक्य सांगते, कोण, कुणाची, कुठून आली, आणि तिथेच उभी राहते. "बाजूला हो, मामिता," म्हणतात, ती बाजूला होते. फॉर्म पुढे करतात, ती अंगठा देत नाही. दुभाष्या आणा, म्हणते. तेही क्वेचुआत.

पहिल्या खेपेला मी पुढे होऊन सांगायला गेले. तिनं माझा हात धरून मागे ओढलं. "तू गप्प बस. त्यांच्याच माणसानं सांगू दे. आणि मी काय म्हटलं ते मला परत वाचून दाखवू दे."

कधी तासाभरात कुणीतरी सापडतं, डोंगराकडचा एखादा पहारेकरी, नाहीतर स्वयंपाकाचं काम करणारा कैदी. कधी दीड वाजतो. मागच्या शनिवारी पावणेतीनला सापडला.